कलावतीबाईचे पाय

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "विमान पडताना कसं वाटलं हो?" मी काहीतरी सांगते, ऐकणारा चुकचुकतो आणि चहा येतो. पण जे सांगते ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल, म्हणून बसून लिहिते आहे.

अणदूर

वडिलांच्या मागे रत्नागिरीतला फोटो स्टुडिओ मी चालवते. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, हेच माझं काम. एका सहकारी संस्थेला मराठवाड्यातल्या दुष्काळी कामांवर पुस्तिका काढायची होती आणि त्यात तलावांचे, बांधांचे फोटो आकाशातून घेतलेले हवे होते. ठरलेला फोटोग्राफर आजारी पडला आणि त्याने माझं नाव सुचवलं. विमानात मी कधी पाय ठेवला नव्हता. तरी हो म्हटलं.

बहात्तरचा पाऊस गेला होता आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा चालू होता. सोलापूर सोडून एसटी पुढे निघाली आणि माझी बोलती बंद झाली. आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा डोळ्यांना कुठेतरी हिरवं लागतंच, निदान काजूचं एखादं झाड. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन उघडी पडलेली, चुलीतून काढलेल्या भाकरीसारखी भाजलेली. बाभळींचा पालासुद्धा जनावरांसाठी ओरबाडून नेलेला. आणि त्या सगळ्यावर माणसंच माणसं, रांगाच्या रांगा, डोक्यावर घमेली. लांबून वाटलं, कुठली जत्रा आहे.

अणदूरला शाळेच्या एका खोलीत माझी सोय केली होती. गाव खंडोबाचं. तो देव वर्षातले दोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो, असं शाळेच्या शिपायाने सांगितलं. मी गमतीने म्हटलं, "मग या वर्षी पाणी असलेल्या गावी का नाही गेला?" शिपाई हसला नाही. "देवाला कबूल केल्यावं जावंच लागतं, बाई," म्हणाला.

माळ

विमान उतरवायचं होतं ते अणदूर आणि लोहाऱ्याच्या मधल्या एका माळावर. मोठे लोक दुष्काळाची पाहणी करायला येतील म्हणून कामावरच्या मजुरांकडूनच तो सपाट करून घेतला होता. मोठे लोक आलेच नाहीत. माळ तेवढा तयार होता. त्याच्या कडेला आता रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथेच मला कलावतीबाई भेटली.

चाळिशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी, बायकांच्या टोळीची मुकादम. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे हजेरी तिच्याकडे. मी कॅमेरा लावला की बाकीच्या बायका पदराआड हसत. ती सरळ भिंगात बघायची.

दुपारच्या सुटीत तिने फडकं सोडलं. लाल मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि सरकारने वाटलेली सुकडी. मी जवळ बसले तशी ती थांबली.

"आमी बौद्ध हाव, बाई. चालंल का तुमाला?"

मी भाकरीचा तुकडा मोडून घेतला. मिलोची भाकरी घशाखाली उतरायला पाणी लागतं, आणि पाणी होतं मोजकं, घागरीत, टँकरचं. तिने तेही पुढे केलं. आमच्या आळीतल्या विहिरीला बारा महिने पाणी असतं, आणि तरी तिच्यावर कोण येऊ शकतं आणि कोण नाही, हे लहानपणापासून मला ठाऊक होतं. तो विचार आला आणि घास जरा अडकलाच.

"तुमच्याकडं लई पानी म्हनं?" तिने विचारलं.

"खूप. पावसाळ्यात नको नको होतं."

"नको नको!" ती शेजारणीकडे वळून म्हणाली. "ऐकलं का गं? पानी नको नको हुतंय त्येंच्यात!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जपून.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान आलं. चार माणसांचं, पांढरं, वर पंख असलेलं. ते घेऊन आले होते कॅप्टन निमकर, एका फ्लाइंग क्लबात शिकवणारे. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे, शिस्तीचे कडक. माझ्यासाठी मागच्या उजव्या खिडकीची काच काढली होती. मागच्या बाकावर मी आणि माझ्या पिशव्या. कॅप्टननी स्वतः एक पट्टा आणून माझी मोठी पिशवी बाकाला आवळून बांधली.

"सुमतीबाई, विमानात एकही वस्तू सुटी ठेवायची नाही. पेन्सिलसुद्धा नाही. लागलं तर काढायचं, परत आत टाकायचं, पट्टा ओढायचा."

"हो," मी म्हटलं.

अडचण वेगळीच होती. वरून सगळे तलाव सारखेच दिसणार. कुठला कुठल्या गावचा हे सांगायला माहितगार हवा. कामावर देखरेख करणारे ओव्हरसीअर साहेब येणार होते, पण ऐनवेळी त्यांचं पोट बिघडलं. मीच म्हटलं, "कलावतीबाईला घेऊ या. या सगळ्या कामांवर तिची टोळी राबलीय." कॅप्टननी तिच्याकडे बघितलं. "वजनाची अडचण नाही," म्हणाले.

कलावतीबाईने हजेरीचं बुक शेजारणीच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि चपला काढून विमानाखाली नीट जोडून ठेवल्या.

"अहो, चपला घाला," कॅप्टन म्हणाले.

"नगं. आत चिखल कशाला?"

त्या जिल्ह्यात त्या वेळी चिखल कुठेच नव्हता.

वर

ती पुढे, कॅप्टनच्या शेजारी बसली. तिच्या पायांशीसुद्धा कॅप्टनच्या पायांशी होती तशीच विमानाचं नाक वळवायची दोन पायटं, म्हणजे पेडलं होती. कॅप्टननी बजावलं, "बाई, याला पाय लावायचा नाही. अजिबात नाही." तिने मान हलवली, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या आसनावर चक्क मांडी घातली. वरून पट्टा बांधला. घरात जेवायला बसावी तशी.

विमान उचललं तेव्हा माझी नखं तळहातात रुतली होती. ती मात्र खाली वाकून बघत होती.

"ते आमचं! ते बगा, ते गाळाचं काम. त्येच्या म्होरं पाझर तलाव, तीन म्हैनं खपलो तितं."  जरा वेळाने म्हणाली, "एवढंसं दिसतंय व्हय हे?"

ती तलाव दाखवत होती आणि मी फोटो काढत होते. कोरडे तलाव वरून भांड्यांसारखे दिसतात, रांगेने मांडून ठेवलेली रिकामी भांडी. दोन रोल संपले. ऊन चढलं की माळावरची हवा उसळते, म्हणून कॅप्टनना लवकर उतरायचं होतं. विमान वळलं. समोर लांबवर माळाची पट्टी दिसू लागली आणि तिच्या कडेला उभ्या बायका, शेकडो, सगळ्या वर बघणाऱ्या. घमेली हातात तशीच.

तो फोटो मला हवाच होता. त्याला लांबचं भिंग लागणार होतं आणि ते पिशवीत होतं. मी पिशवीचा पट्टा सोडला. भिंगाचा ॲल्युमिनियमचा गोल डबा काढला, भिंग कॅमेऱ्याला लावलं आणि डबा बाकावर ठेवला. परत आत टाकायला दोन क्षण लागले असते. ते दोन क्षण मी फोटोसाठी वाचवले.

विमानाने नाक खाली केलं. डबा बाकावरून घरंगळला, खाली पडल्याचा आवाज झाला. उतरल्यावर उचलू, असा विचार आल्याचं मला स्पष्ट आठवतं. आणि मी बटण दाबलं.

विमान आता झाडाच्या उंचीवर आलं असेल. डावीकडून धुळीचा एक उंच भोवरा माळावर आला. विमानाला कोणी खांद्याने ढकलावं तसा धक्का बसला आणि नाक पट्टीवरून फिरलं. कॅप्टननी पायाने जोर लावला.

"पाय जात नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग ओरडले, "खाली काय आहे? काढा! काढा ते!"

मी वाकले. त्यांच्या पायटाच्या मागे चकचकीत काहीतरी अडकलेलं होतं. माझा डबा. मी हात घातला. कमरेच्या पट्ट्याने मला मागे धरलं आणि माझी बोटं वीतभर कमी पडली. डोळ्यांसमोर कलावतीबाईची मांडी होती, भेगाळलेले तळवे वर आलेले, पदर दोन्ही मुठींत धरलेला. 

मग उजवा पंख खाली गेला.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. जमीन खिडकीतून आत आली. पत्रा फाटल्याचा आवाज, दगडांचा आवाज, आणि मग एकदम काहीच आवाज नाही. मी उलटी लोंबकळत होते. तोंडात माती होती. पेट्रोलचा वास येत होता आणि कुठेतरी थेंब पडत होते, टप टप, एका लयीत.

"लांब व्हा! पेटंल! लांब व्हा!" कुणीतरी पुरुष ओरडत होता. मला बायकांचे पाय दिसले, धावत येणारे. त्या लांब झाल्या नाहीत. सांडलेल्या पेट्रोलवर त्यांनी मुरूम ओतायला सुरुवात केली, घमेल्यामागून घमेलं, हातून हाती, दिवसभर करत होत्या तसंच, फक्त दसपट वेगाने. एकीने विळ्याने माझा पट्टा कापला. प्यायच्या पाण्याच्या घागरी होत्या त्यासुद्धा त्यांनी तापलेल्या इंजिनावर रित्या केल्या. थोडंसं पाणी ठेवलं होतं ते एका बाईने ओंजळीने माझ्या तोंडाला लावलं.  मी तिच्याकडे बघत राहिले. मला उठता येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं.

सोलापूर

माझ्या दोन बरगड्या मोडल्या आणि कपाळाला टाके पडले. कलावतीबाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून तिला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. कॅप्टनच्या पाठीच्या मणक्याला मार होता आणि जबडा तारेने बांधला होता. शेवटची दहा मिनिटं त्यांना आठवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब खाटेशी आले. सभ्य गृहस्थ. खुर्ची ओढून बसले.

"पुढे ती मजूर बाई होती. तिचा पाय पायटावर पडला असं ओव्हरसीअर म्हणतात. तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "मला काही आठवत नाही."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. साहेबांनी ते लिहून घेतलं, "विश्रांती घ्या" म्हणाले आणि गेले. मी भिंतीकडे बघत पडून राहिले. सगळं आठवत होतं. डब्यावरचा पोचासुद्धा आठवत होता.

लोहाऱ्याची वाट

पाचव्या दिवशी सोडलं. माझं सामान अणदूरच्या शाळेत होतं म्हणून एसटीने निघाले. माझ्या पुढच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

"अवो, बाईमानसाला इमानात बसवत्यात व्हय? धरला आसंल दांडा भ्यानं."

"दांडा न्हाय, पायानं दाबलं. मुकादमकी काढली तिची. बरं झालं."

मी अणदूरला उतरले ती शाळेत गेलेच नाही. लोहाऱ्याकडे जाणारी जीप मिळाली. कलावतीबाईचं गाव त्याच वाटेवर. घर शेवटच्या गल्लीत, दोन खणांचं, सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. ती दारातच बसली होती, हात झोळीत. मला बघून उठायला लागली.

"बसा, बसा," म्हणत मीच खाली बसले. बरगड्यांतून कळ आली.

"लागलं का वो लई?" तिने विचारलं. माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग आवाज खाली आला. "बाई, एक इच्यारू? तुमी मागं हुता. तुमाला दिसलं आसंल. माज्याच पायानं झालं का ते? म्या तर मांडी घातली हुती. पर समदे म्हनत्यात. मला बी आता वाटाय लागलंय, भ्यानं सुटला आसंल पाय. कॅप्टन सायबाची पोरंबाळं काय म्हनत आसतील मला?"

मला वाटलं होतं ती चिडलेली असेल. ती स्वतःवर संशय घेत होती.

मी सांगितलं. पट्टा सोडल्यापासून माझी बोटं कमी पडली तिथपर्यंत, काही न गाळता. "तुमचे पाय शेवटपर्यंत वर होते. मी पाहिलेत. माझ्या डब्यामुळे विमान पडलं."

 गल्लीतून एक शेळी गेली. मग तिने मान वर केली आणि पहिल्या दिवशी भिंगात बघितलं होतं तसं सरळ माझ्याकडे बघितलं.

"कवा कळलं तुमाला?"

"तेव्हाच."

"आन् पाच दिस काय करत हुता?"

 

नळदुर्ग

चौकशीचे साहेब नळदुर्गच्या डाकबंगल्यात उतरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो. ओव्हरसीअर तिथेच होते. मी सांगत गेले आणि कारकून लिहीत गेला. साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, डबा सापडलेला नाही. सगळं मुरमाखाली गेलंय. तुम्ही आज आला नसता तर हे कुणाला कळलं नसतं."

"हिला कळलं नसतं," मी म्हटलं. "म्हणून आले."

कॅप्टन निमकरांचं इथेच सांगून टाकते. परतताना सोलापूरला मी त्यांना भेटले. बोलता येत नसल्याने त्यांच्याजवळ पाटी होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलं, "पट्टा?" मी म्हटलं, "मी सोडला होता." त्यांनी पाटी पुसली, काही लिहायला घेतलं, आणि मग तशीच छातीवर ठेवून भिंतीकडे तोंड केलं. आता ते काठी घेऊन चालतात असं ऐकते. विमान चालवणं संपलं. मी दोनदा पत्र टाकलं. उत्तर नाही, आणि ते यावं असं म्हणायचा मला हक्कही नाही.

डाकबंगल्यात जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी मला सही करायला सांगितलं. साक्षीदार म्हणून कलावतीबाईचीही सही हवी होती. तिने कागद टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वेळ लागला. ओव्हरसीअर घड्याळ बघू लागले.

"करा की सही," ते म्हणाले. "झालं आता. मुकादमकी परत मिळंल तुला."

"करते," ती म्हणाली. "पर हितं खोलीत ऱ्हाऊन काय उपेग? खोटं माळावर फिरलंय. खरं बी तितंच जाऊ द्या." मग माझ्याकडे वळली. "तुमी वाचा. समद्यांम्होरं."

साहेबांनी जरा विचार केला आणि कागदाची नक्कल करून माझ्या हातात दिली.

दुपारच्या सुटीत आम्ही माळावर पोचलो. विमानाचा सांगाडा ताडपत्रीखाली होता. तीनशेवर बायका खाली मुरमावर बसल्या होत्या, भाकरी मांडीवर. ज्यांनी आपलं प्यायचं पाणी ओतून मला बाहेर काढलं होतं त्याच या. पलीकडे पुरुषांची टोळीही जेवता जेवता थांबली होती. कलावतीबाई माझ्या शेजारी उभी राहिली, हात झोळीत.

मी वाचायला लागले. स्वतःच्याच नावापासून सुरुवात होती. पट्टा मी सोडला, डबा मी बाहेर ठेवला, डबा पडल्याचं मला कळलं, तरी मी फोटो काढला. सौ. कलावती यांचे दोन्ही पाय आसनावर होते. ही बाब मी पाच दिवस लपवून ठेवली.  वारा कागद ओढत होता. मी शेवटच्या ओळीला पोचले आणि खाली बघत उभी राहिले.

 कुणी शिवी दिली असती तर सोसली असती.

मग अगदी मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. कानामागे हात धरून ओरडली, "मागं ऐकू आलं न्हाय, बाई! मोठ्यानं वाचा!"

मी कलावतीबाईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

मी कागद परत वर धरला आणि पहिल्या ओळीपासून, ओरडून, वाचायला सुरुवात केली.